गरोदरपणात पपई अजिबात खायची नाही, असं सगळे सांगतात. खरं आहे का?

पूर्ण पिकलेली पपई बेताने खायला हरकत नाही. टाळायची ती कच्ची आणि अर्धवट पिकलेली. कच्च्या पपईत पांढरा चीक असतो आणि त्यात पपेनसारखी एन्झाइम्स असतात. उंदरांवरच्या प्रयोगांत या चिकाने गर्भाशय आकुंचन पावलं, पिकलेल्या फळाच्या रसाने तसं झालं नाही. फळ पिकत जातं तसा चीक कमी होतो. म्हणून साल पूर्ण पिवळी, गर केशरी आणि देठाजवळ चीर दिली तरी पांढरा थेंब येत नाही, अशीच पपई घ्या. वाटीभर फोडी पुरेत, त्याही घरी चिरलेल्या. गाडीवरच्या उघड्या नकोत. खिमा आणि कबाबाचं मटण मऊ करायला कच्ची पपई वाटून लावतात, ते मात्र पटकन लक्षात येत नाही, तेव्हा हॉटेलात आधी विचारा. रबराची ॲलर्जी असेल, मधुमेह असेल किंवा रक्तस्राव होत असेल, तर पिकलेली पपईही डॉक्टरांना विचारूनच खा. आणि पपईच्या धास्तीत न तापवलेलं दूध, कच्ची अंडी टाळायला विसरू नका: लिस्टेरिया, साल्मोनेला या जंतूंचा धोका तिथे आहे.