उन्हाळ्याआधीची डागडुजी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: एक एकर मोसंबी आहे, ६ बाय ६ मीटरवर ११० झाडे. पाणी बोअरचे. प्रत्येक झाडाला ठिबकचे ताशी ४ लिटरचे चार ड्रिपर. काहींतून पाणी कमी येते, काही पार बंद, तोंडाशी पांढरा थर. शेजारी ब्लीचिंग पावडर सोडा म्हणतात. ॲसिड सोडायचे तर किती? (वाचक, ता. अंबड, जि. जालना)

उत्तर: पांढरा थर क्षारांचा, त्याला ॲसिडच लागते. ब्लीचिंग हिरवट, बुळबुळीत शेवाळावर चालते. दोन्ही एकदम कधीही सोडू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

आधी नुसत्या पाण्याने धुलाई करा. फिल्टरची जाळी काढून ब्रशने घासा. मग मेन, सबमेनचे (मुख्य आणि उपमुख्य नळ्यांचे) फ्लश व्हॉल्व्ह उघडा. शेवटी लॅटरलची (ड्रिपर बसवलेल्या बारीक नळ्यांची) टोके पाच-सहा करून सोडा, नितळ पाणी येईपर्यंत. सगळी टोके एकदम उघडली की दाब पडतो आणि गाळ आतच राहतो.

ॲसिडचे प्रमाण पाण्यागणिक बदलते, म्हणून ऐकीव आकडा नको. प्लास्टिकच्या भांड्यात बोअरचे १ लिटर पाणी घ्या, त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड थोडे थोडे टाकत सामू (pH, पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा) ४ वर आणा. समजा २ मिलि लागले. तुमचे ४४० ड्रिपर ताशी १,७६० लिटर पाणी देतात, म्हणजे १५ मिनिटांत ४४० लिटर. त्याला ८८० मिलि ॲसिड झाले. ते बादलीभर पाण्यात मिसळा (नेहमी पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी नाही, हातमोजे आणि चष्मा हवाच) आणि व्हेंचुरीचा (बादलीतले द्रावण ठिबकच्या पाण्यात खेचणाऱ्या नळीचा) ओढा असा ठेवा की बादली १५ मिनिटांत संपेल. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा सामू pH कागदावर तपासा. तिथे ४ आला, की मोटर बंद. २४ तासांनी पुन्हा टोके उघडून धुवा. ही शेवटची धुलाई टाळली, तर सुटलेला क्षार पुढच्या ड्रिपरमध्ये जाऊन बसतो.

पार बंद ड्रिपरमधून पाणीच वाहत नाही, मग ॲसिड पोचणार कसे? ते काढून वेगळे भिजवा, नाहीतर बदला. थेंब मंदावला तेव्हाच हे काम करायचे असते. उन्हात नळीतले थांबलेले पाणी तापते आणि क्षार आणखी भराभर बसतो, त्यामुळे एप्रिलची वाट पाहू नका.

प्रश्न: याच बागेत आच्छादन किती जाड करावे?

उत्तर: सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट ८ ते १० सेंमी पुरे. बुंध्यापासून वीतभर मोकळे ठेवा, ओल लागून साल कुजते. आच्छादनाआधी खोडाला तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवा, लोखंडी भांडे नको.

प्रश्न: कडब्यावर युरिया प्रक्रिया करावी का? (वाचक, ता. केज, जि. बीड)

उत्तर: शाळूच्या चांगल्या कडब्यावर युरिया घालवू नका, कुट्टी करून घाला, नासाडी तिथेच थांबते. प्रक्रिया गव्हाच्या काडाला करा. १०० किलो काडाला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरांवर शिंपडा, तुडवून हवा काढा, प्लास्टिकने झाका. २१ दिवसांनी उघडा आणि रोजचा वाटा तासभर पसरून वास उडाल्यावरच घाला. सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नाही.