आपलीच गाडी, आपलीच भिंत

प्रश्न : गेल्या आठवड्यात गाडी पोर्चमध्ये घेताना मुलाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला. पोर्चचा एक खांब तडकला, कंपाउंडची आठ-दहा फूट भिंत पडली. गाडी यजमानांच्या नावावर आहे, तिचा फुल इन्शुरन्स आहे. घर दोघांच्या नावावर आहे. गाडीची विमा कंपनी म्हणते, भिंतीचे पैसे मिळणार नाहीत. ओळखीचे एक जण सुचवतात, अनोळखी टेम्पोने धडक दिली असं लिहून द्या. काय करावं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आधी तडकलेल्या खांबाशेजारी टेकू लावून घ्या. वर स्लॅब आहे, विम्याचं नंतर बघू.

गाडीची कंपनी म्हणते ते बरोबर आहे. 'फुल' या शब्दाने भल्याभल्यांचा घोटाळा होतो. त्यातला एक भाग तुमच्या गाडीची दुरुस्ती देतो, दुसरा म्हणजे थर्ड पार्टी. खासगी कारला त्यात परक्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साधारण साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. पण विमेदाराची स्वतःची किंवा त्याच्या ताब्यातली मालमत्ता त्यातून स्पष्ट वगळलेली असते. हीच भिंत शेजाऱ्यांची असती तर पैसे मिळाले असते.

म्हणून घराच्या पॉलिसीकडे वळा. गृहकर्ज असेल तर बँकेने घराचा विमा उतरवला आहे का, ते फाइलमध्ये बघा. पुष्कळांना तो आहे हेच माहीत नसतं. कागदावर 'भारत गृह रक्षा' असं नाव असेल तर मला तुमच्यासाठी आशा वाटते. 1 एप्रिल 2021 पासून आलेल्या या प्रमाणित पॉलिसीत बाहेरच्या वस्तूच्या धडकेने झालेलं नुकसान येतं, त्यात वाहनही येतं. कंपाउंडची भिंत, फाटक, पोर्च हे सगळं इमारतीतच धरलेलं आहे. मुद्दाम केलेलं नुकसान तेवढं वगळलं आहे. पाय चुकणं म्हणजे मुद्दाम करणं नव्हे.

त्याआधी घरासाठी घेतल्या जाणाऱ्या आगीच्या पॉलिसीत मात्र धडकेच्या कलमात एक अट होती : वाहन विमेदाराचं किंवा घरात राहणाऱ्याचं नसावं. मी सर्व्हेअर, म्हणजे विमा दाव्यातलं नुकसान तपासणारी, असताना कोल्हापूरकडच्या एका शिक्षकांच्या घरी गेले होते. त्यांच्याच जीपने त्यांच्याच स्वयंपाकघराची भिंत पाडली होती. त्यांनी एक शब्दही लपवला नाही आणि मला दावा बसत नाही असा अहवाल लिहावा लागला. परतीच्या एसटीत मला फार वाईट वाटत होतं. म्हणून तुमची पॉलिसी कोणत्या सालची, कोणत्या नावाची, हे आधी पाहा. जुन्या मसुद्याची असेल तर धडकेचं कलम शब्दन् शब्द वाचा.

टेम्पोची गोष्ट अजिबात लिहून देऊ नका. गाडीचा बंपर आणि खांबावरचा रंग पाहिला की सर्व्हेअरला कळतं. खोटं सापडलं तर जो दावा खऱ्यावर मिळाला असता तोही जातो. मुलाकडून झालं तसंच, तारीख-वेळेसह लिहा.

घराच्या विमा कंपनीला आजच कळवा. सर्व्हेअर येईपर्यंत पडलेल्या विटा हलवू नका, चारही बाजूंनी फोटो काढा. टेकू लावायला हरकत नाही, त्याची पावती ठेवा. खांबाचं गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. भारत गृह रक्षात आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी दाव्याच्या 5 टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा उचलण्याचा खर्च 2 टक्क्यांपर्यंत मिळतो.

गाडीच्या दुरुस्तीचा दावा वेगळा. बिल किरकोळ असेल तर आधी गणित मांडा, कारण दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, आणि तो वाढत वाढत 50 टक्क्यांपर्यंत पोचलेला असू शकतो.

घराच्या कंपनीने नाकारलं तर नकार लेखी मागा. तिच्याच तक्रार विभागाकडे अर्ज करा. महिनाभर उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) वर्षाच्या आत तक्रार करा. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.