कडाप्प्यावर लिंबू घासू नकोस

अगं, जळगावात नवं घर लावतेयस तर आधी ओट्याकडे बघ. कडाप्पा आणि शहाबादी फरशी दोन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, व्हिनेगर, ॲसिड लागलं की चकाकी जाते, पांढुरके डाग पडतात आणि ते घासून निघत नाहीत. मी पहिल्याच वर्षी भरताच्या वांग्यांची काजळी काढायला लिंबू फिरवलं होतं. तो डाग अजून आहे. तिथे भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी नि मऊ फडकं, बस.

व्हिनेगर नळाच्या तोटीसाठी ठेव. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर, त्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळलं की सुटतो. सोडा मात्र त्यात मिसळू नकोस. फेस छान दिसतो, पण दोघं एकमेकांचा जोर मारतात. शेवभाजीच्या तर्रीने पिवळे पडलेले प्लास्टिकचे डबे धुऊन उन्हात ठेव, हळद उडते. आपल्याकडे उन्हाला काय तोटा!

आणि ब्लीच व टॉयलेटचं ॲसिड कधीही एकत्र ओतू नकोस, एकामागोमागही नाही. क्लोरीन वायू निघतो, बंद मोरीत जीव गुदमरतो. ब्लीच वापरायचंच तर थंड पाण्यात, खिडकी उघडून, हातमोजे घालून.