वाचकांचे प्रश्न : मॉस अ‍ॅगेटची अंगठी

प्रश्न : मुलाचा साखरपुडा आहे. होणाऱ्या सुनेला हिऱ्याऐवजी मॉस अ‍ॅगेटची, म्हणजे आत शेवाळासारखे हिरवे तंतू दिसणाऱ्या खड्याची, अंगठी हवी आहे. ती नर्स आहे. दिवसभर हातमोजे आणि सॅनिटायझर. नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यात एकाने नखांत (धातूच्या बारीक आकड्यांत) बसवलेला खडा दाखवला, दुसऱ्याने पट्टीत (कडेने फिरणाऱ्या धातूच्या पट्टीत) बसवलेला. कोणता घ्यावा? आणि खडा खरा कसा ओळखावा?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : पट्टीचाच घ्या. नर्सच्या हातात नखांची अंगठी टिकत नाही. हातमोजा काढताना रबर नखात अडकतं आणि रोजच्या ओढीने नख उचललं जातं. पट्टी खड्याच्या कडेला सगळीकडून चिकटलेली हवी. तिच्यावरून सुती धागा फिरवा. कुठे अडकला तर तिथे फट आहे. खड्याचं घर, म्हणजे तो बसतो ती जागा, खालून उघडी असावी, म्हणजे उजेड आरपार जातो. नाहीतर हा खडा मेल्यासारखा दिसतो. शिवाय बंद घरात शिरलेलं पाणी बाहेर येत नाही. खडा घुमटाकार पण बसका निवडा, उंच घुमट आधी आपटतो. 22 कॅरेट सोनं रोजच्या वापराला मऊ पडतं. 18 कॅरेट (शिक्का 750) किंवा 92.5 टक्के चांदी (शिक्का 925) घ्या.

आता खडा. मागून मोबाइलचा टॉर्च लावा. खरा खडा दुधाळ, अर्धपारदर्शक दिसतो आणि हिरवे तंतू वेगवेगळ्या खोलीवर असतात. खडा तिरका केला की वरचे आणि खालचे एकमेकांवरून सरकतात. चित्र एकाच पातळीवर असेल तर ते चिकटवलेलं किंवा छापलेलं समजा. गोल बुडबुडे दिसले तर काच. हिरवा रंग भेगांच्या कडेने गडद होत गेला असेल तर खडा रंगवलेला आहे. अ‍ॅगेट सच्छिद्र असल्याने रंग सहज पितं. पांढऱ्या अपारदर्शक खड्यात हिरव्या फांद्या असतील तर ते ट्री अ‍ॅगेट. चांगला दगड आहे, पण मॉस अ‍ॅगेट म्हणून विकला जात असेल तर घेऊ नका.

सुटा खडा मिळाला तर सराफाच्या काट्यावर वजन करा, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून करा. कोरडं 1.30 ग्रॅम आणि पाण्यात 0.80 भरलं, तर 1.30 ला फरकाने, म्हणजे 0.50 ने, भागून 2.6 येतात. हाच अ‍ॅगेटच्या घनतेचा आकडा, म्हणजे तो पाण्याच्या इतके पट जड. राळेची नक्कल 1.2 च्या आसपास राहते. काच मात्र 2.5 च्या जवळ जाऊ शकते, तिथे बुडबुडेच शोधावे लागतात.

शेवटी ट्यूबलाइटचं प्रतिबिंब घुमटावर पाडा आणि खडा हळूहळू फिरवा. प्रतिबिंबाची रेघ कुठे तुटली तर तिथे भेग पृष्ठभागापर्यंत आली आहे, तो परत करा. आतल्या तंतूंनी रेघ तुटत नाही.

सॅनिटायझरने नैसर्गिक खड्याला काही होत नाही. रंगवलेल्या किंवा गोंदाने बसवलेल्या खड्याला मात्र होतं.

प्रश्न : आत खरंच शेवाळ असतं का?
— महाल

उत्तर : नाही. क्लोराइट, हॉर्नब्लेंड, लोह-मँगनीजची ऑक्साइडं अशी खनिजं असतात. दख्खनच्या लाव्हाच्या पोकळ्यांत सिलिका साचून असे दगड बनले. तो लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. सीताबर्डीचा किल्ला त्याच काळ्या दगडाच्या टेकडीवर आहे. पैलू आणि पॉलिशचा मोठा धंदा मात्र गुजरातेत खंभातला.

प्रश्न : उन्हाळाभर घातली तर चांदी काळी पडली आणि खडा धुरकट झाला. टूथपेस्टने घासली, चिंचही लावली. खडा अजून मंदच.
— धरमपेठ

उत्तर : टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, त्याने चांदीवर चरे पडतात आणि खड्याचं पॉलिश उतरू शकतं. पण सगळा दोष तिचा नसावा. या खड्याचा कठीणपणा (1 ते 10 च्या मोह्स मापावर) 6.5 ते 7, आणि आपल्याकडच्या धुळीत क्वार्ट्झचे 7 कठीणपणाचे कण असतात. ओढणीने कोरडी अंगठी पुसणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. भिंगाखाली पाहा : बारीक रेघा दिसल्या तर चरे आहेत, खडा काढून पुन्हा पॉलिश करावा लागेल. कडा असलेले पांढरट डाग दिसले तर ते जड पाण्याचे क्षार.

चरे नसतील, नुसता थर असेल तर एक कप कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या सौम्य लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका. अंगठी पाचच मिनिटं बुडवा. लहान मुलाच्या मऊ ब्रशने खालच्या बाजूने घासा. कणकेचं पीठ आणि साबणाचा गाळ तिथेच बसतो. शेवटी आरओच्या पाण्याने धुवा, मऊ सुती कापडाने टिपा. हे सिंकवर करू नका, वाडग्यात करा. रिठ्याचं पातळ पाणीही चालतं. चांदी उजळायचं रसायन आणि चिंच-लिंबू नको : आम्ल पट्टीखाली शिरलं की धुऊन निघत नाही. अल्ट्रासॉनिक मशीनही नको, आतल्या भेगा वाढतात.

चांदी काळी होते ती हवेतल्या गंधकाच्या वायूने, आणि ओलावा त्याला साथ देतो. कूलरसमोर चोवीस तास राहिलेली अंगठी म्हणून लवकर काळवंडते. कूलरची टाकी अ‍ॅसिडने धुताना तर ती बोटात नकोच. ठेवताना झिप पिशवीत, एकटीच. रबरबँड गुंडाळू नका, त्यात गंधक असतं. मोत्यांसोबत ठेवली तर मोत्यांवर चरे पडतील.

प्रश्न : अंगठी एक माप मोठी करून घेतली तर खड्यात भेग पडली आणि एक कोपरा तपकिरी झाला. खडाच खोटा होता का?
— सदर

उत्तर : खडा खोटा असेलच असं नाही. डाख लावताना (सांधा जोडताना) ज्योतीचा ताप खड्याला लागला असणार. या दगडात थोडं पाणी अडकलेलं असतं आणि ताप एका बाजूनेच बसतो. वर डाख लावून झाल्यावर तापलेली अंगठी पाण्यात किंवा पातळ अ‍ॅसिडमध्ये टाकायची कारागिराची सवय. भेग बहुधा तिथेच पडली. तपकिरी डाग तापलेल्या लोहाचा, तो परत जात नाही. पुढच्या वेळी ‘खडा काढूनच झाळा’ असं पावतीवर लिहून घ्या. माप आधीच नीट घेतलं तर ही वेळ येत नाही : संध्याकाळी, बोट किंचित सुजलेलं असताना, कागदाची पट्टी गुंडाळा. घेर 54 मिमी आला तर 40 वजा करून आपलं भारतीय माप 14. अंगठीचं कडं 6 मिमीहून रुंद असेल तर एक माप मोठं घ्या.

प्रश्न : पन्न्याऐवजी हा चालेल का?
— मानेवाडा

उत्तर : ग्रहांचं ज्योतिषाला विचारा. दगड म्हणून दोन्ही वेगळे आहेत : पन्ना बेरिल नावाचं खनिज, कठीणपणा 7.5 ते 8, हा कॅल्सेडनी, म्हणजे क्वार्ट्झचाच प्रकार. पन्न्याच्या भावाने कोणी हा देत असेल तर लेखी पावती आणि रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा.