मोबाइल काढून घेतला की पोरगी अभ्यासाला बसेल?

प्रश्न : आमचं गाव चंदगड तालुक्यात. मुलगी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, हॉस्टेलवर राहते. बारावीला ७८ टक्के होते, पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले. रात्री एक वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर ऑनलाइन दिसते. स्मार्टफोन काढून साधा फोन द्यावा का? तिनं एमपीएससी करावी अशी माझी इच्छा आहे.

उत्तर : राहिलेल्या विषयांपेक्षा मला त्या 'ऑनलाइन दिसते'चा घोर लागला. म्हणजे रात्री एकला तुम्हीही जागे, लेकीच्या नावावर नजर ठेवून. तिला ते कळत असणार. बाप पाळत ठेवतोय असं वाटलं की पोरगी अडचण सांगायची थांबते. विषय राहिल्याचं तिनं आपणहून सांगितलं, की तुम्ही निकाल बघितलात?

मोबाइल म्हणजे नुसता टाइमपास, हा समज आधी सोडा. प्रॅक्टिकलची बदललेली वेळ, परीक्षा फॉर्मची तारीख, नोट्स, सगळं वर्गाच्या ग्रुपवर येतं. भर वर्गात इंग्रजीत शंका विचारायला जीभ अडखळते, ती मुलगी ग्रुपवर मराठीत विचारते. तिथूनच एखादी मैत्रीण जोडली जाते. साधा फोन दिलात तर वर्गात बसूनही ती वर्गाबाहेर राहील. रील्स बघत एक वाजवणं मात्र वाईटच. वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत. जागरणानं आजचा अभ्यास जातो आणि उद्याचं लेक्चरही. अकराला फोन पलंगापासून लांब चार्जिंगला लावायचा, असं दोघं मिळून ठरवा. दोघं म्हणजे तुमचाही फोन.

शाहू महाराजांच्या काळात, १९०१ मध्ये, कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, पुढे अनेक समाजांची वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातल्या पोराला शिकायचं तर आधी शहरात राहायची सोय लागते, चार सोबती लागतात. तुमच्या लेकीला खोली मिळालीय. सोबत मिळालीय का? मेसमध्ये ती कुणाबरोबर जेवते? एकटीच जेवत असेल, तर रात्रीचा मोबाइल कशासाठी हे तुम्हाला कळेल.

एमपीएससीची राज्यसेवा पदवीनंतर. पूर्वपरीक्षा शेवटच्या वर्षात असतानाही देता येते. आणि ती द्यायची का, हे तिला विचारा. पत्रात तिची इच्छा कुठेच नाही.

या रविवारी एसटीनं कोल्हापूरला या. घरचे काजू आणा, खोलीतल्या सगळ्या मुलींना पुरतील एवढे. रंकाळ्यावर तिच्यासोबत बसा. निकालाचा विषय तिनं काढला तरच बोला.