पाऊस उघडला तरी पाणी का चढतं? – वाचकांचे प्रश्न, पुराबद्दल

प्रश्न: सर, आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीपासून दीडेक किलोमीटर. २०१९ ला आणि २०२१ ला, दोन्ही वेळी बघितलं, आमच्याकडे पाऊस उघडला, ऊन पडलं आणि तरी पाणी चढतच होतं. सगळे म्हणतात धरणातून सोडलं म्हणून. एवढंच कारण आहे का?
– एक वाचक, शिरोळ

उत्तर: दादा, तुमच्या गावात किती पाऊस पडला याचा तुमच्या पुराशी फार कमी संबंध आहे. पाऊस पडतो तिकडं गगनबावड्याला, दाजीपूरला, महाबळेश्वरला, कोयनेच्या वरच्या अंगाला, आणि तिथलं सगळं पाणी उतरून येतं तुमच्याकडे, कारण कृष्णेला कराडला कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते, नरसोबावाडीला पंचगंगा मिळते, म्हणजे तुमचा तालुका सगळ्यांच्या खाली. ते पाणी वरून निघाल्या निघाल्या पोचत नाही, कोयनेचं पाणी सांगलीला यायला एखादा दिवस लागतोच. म्हणून तुमच्याकडे ऊन आणि दारात पाणी.

दुसरी गोष्ट फुगवट्याची. घाटातून नदी जोरात येते पण सांगली-शिरोळच्या सपाटीला आली की उतार एकदम कमी होतो आणि ती वळणं घेत संथ चालते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला वाडीच्या संगमात शिरायला जागाच मिळत नाही, मग ती मागं फुगते, आणि हे पार कोल्हापूरपर्यंत जाणवतं. आमच्या घरी पूर आला की आजी पाण्याच्या कडेला एक काटकी रोवायची आणि तासाभराने मला बघायला पाठवायची. काटकी बुडाली असेल तर सामान माळ्यावर, उघडी पडली असेल तर चहा. २०१९ ला दोन दिवस काटकी ना बुडत होती ना उघडी पडत होती, बोटभर वर, बोटभर खाली, पाण्याला ओढच नव्हती. घर पाडतं ते असं साचून राहिलेलं पाणी, मातीच्या भिंती भिजत भिजत बसतात.

आता धरणाचं. १ लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला १ लाख घनफूट पाणी, दिवसभर सोडलं तर साधारण साडेआठ टीएमसी (अब्ज घनफूट) होतं, आणि राधानगरी धरण सगळं भरलं तर ८.३६ टीएमसी, म्हणजे एका दिवसात एक अख्खं राधानगरी नदीत आलं असं समजा. धरणात जागा असेल तर ते पूर पोटात घेतं, आणि ऑगस्टच्या सुरुवातीलाच काठोकाठ भरलेलं असेल तर वरून येईल तेवढं पुढं ढकलण्याशिवाय इलाज नसतो. राधानगरीला तर स्वयंचलित दरवाजे आहेत, पातळी आली की आपोआप उघडतात, कुणाला विचारत नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की भांडायचं असेल तर जुलैमध्ये भांडा, धरणात किती जागा रिकामी ठेवली हे विचारा. ऑगस्टमध्ये दरवाजे का उघडले हे विचारून काही हाती लागत नाही.

प्रश्न: अलमट्टीमुळेच सांगली बुडते ना? – एक वाचक, मिरज

उत्तर: अलमट्टी म्हणजे कृष्णेवरचं, आपल्या खालच्या अंगाला कर्नाटकातलं धरण. २०१९ नंतर पुराची कारणं शोधायला नेमलेल्या वडनेरे समितीने त्याला मुख्य कारण मानलं नाही. पण अलमट्टीत पाणी साठवायची पातळी (समुद्रसपाटीपासून) ५१९.६ मीटरवरून ५२४ च्या वर न्यायचा विषय आहे, त्याची सांगलीकरांना वाटणारी काळजी मला खरी वाटते. फक्त सगळं बोट तिकडंच दाखवलं की आपल्या पात्रातली बांधकामं, बुजवलेले ओढे, पुलांचे आणि रस्त्यांचे भराव सुटून जातात आणि ते मला सहन होत नाही. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे २०१९ ला किती दिवस बंद होता आठवतंय ना?

प्रश्न: आम्ही कोल्हापुरात फ्लॅट बघतोय, २० वर्षांचं लोन घेणार आहोत. बिल्डर म्हणतो लाल पूररेषेच्या आत आहे पण तसा पूर १०० वर्षांतून एकदाच येतो, आणि नदी तर लांब आहे. घ्यावा का? – एक वाचक

उत्तर: ताई, सह्या करायच्या आधी विचारलंत हे फार बरं झालं. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. पण याचा अर्थ आत्ता आला की पुढची ९९ वर्षं सुट्टी असा अजिबात नाही, दर वर्षी शंभरात एक शक्यता असा आहे. तुमच्या लोनच्या २० वर्षांत ती साधारण १८ टक्के होते, आणि निळ्या रेषेच्या कडेला असाल तर निम्म्याहून जास्त. आणि हा हिशोब जुन्या पावसावरचा. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं आणि दोनच वर्षांनी ५६ च्या वर.

नदी लांब आहे यावर तर जाऊच नका. नदी चढली की जयंती नाल्याचं पाणी उलटं फिरतं आणि व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीत शिरतं, तिथल्या लोकांना नदी कुठं दिसते? जवळचा नाला कुठला ते बघा, पूररेषेचा नकाशा महापालिकेत स्वतः जाऊन बघा, आणि शेजारच्या जुन्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा २००५ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं, आणि २०१९ ला कुठपर्यंत. प्लॉटवर मुरमाचा भराव टाकून उंच केलंय असं बिल्डर कौतुकाने सांगत असेल तर ते पाणी आता शेजारच्याच्या घरात जाणार एवढं लक्षात ठेवा. मी असतो तर घेतला नसता.

प्रश्न: ऊस आठ दिवस पाण्याखाली होता. वरून हिरवा दिसतोय, ठेवू का? – एक शेतकरी, हातकणंगले

उत्तर: हिरव्यावर जाऊ नका भाऊ, पोंगा बघा, म्हणजे शेंड्यातली गुंडाळलेली कोवळी पानं. पाच-सहा ठिकाणचा पोंगा हाताने ओढा, सहज निघाला आणि बुडाला कुजका वास आला तर शेंडा मेला, त्या उसाची वाढ संपली, आता कांडीवरचे डोळे फुटून पांगशा येतील आणि वजन, साखर दोन्ही उतरत जाईल. पोंगा घट्ट असेल तर ऊस वाचेल, आधी चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा. मेलेला असेल तर पूरबुडीत म्हणून कारखान्याकडे लवकर तोड मागा, आणि त्यातलं लागणीसाठी बेणं अजिबात धरू नका. पंचनामा झाला नसेल तर काहीही हलवायच्या आधी पानांवर गाळ बसलेले फोटो काढून ठेवा, एक जोराचा पाऊस आला की तो गाळ धुऊन जातो आणि मग नुकसान दाखवायला काही उरत नाही.