जामीन राहिलास, आता पगाराचं बघू

चि. यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाजच बसला होता. मित्राच्या कर्जाला तू जामीन, हप्ते त्याने बुडवले आणि जप्तीचा कागद आला तुझ्या ऑफिसात. राजीनामाच देतो म्हणालास. अरे, नोकरी जाईल, हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, तसाच राहील.

मी पगारबिलं करण्यात जन्म घालवला, म्हणून आधी हिशेब. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. तुझा पगार ३१,००० धरू. हजार बाजूला काढले, राहिले ३०,०००. त्यातले १०,००० कोर्टात जातील, २१,००० तुझे. (पोटगीच्या हुकूमनाम्यात एवढं वाचत नाही, पण ते तुझं प्रकरण नव्हे.)

दुसरं म्हणजे महिने मोज. एकाच हुकूमनाम्यापोटी २४ महिने कपात झाली, की त्या हुकूमनाम्यासाठी पगाराची जप्ती कायमची थांबते. कर्ज मात्र फिटलं असं होत नाही. बाकीसाठी कर्ज देणारे तुझ्या दुसऱ्या मालमत्तेकडे वळू शकतात. आमच्याकडे एका शिपायाची कपात सत्ताविसाव्या महिन्यातही चालू होती. बिल माझ्याच हातचं. त्याने पगाराच्या चिठ्ठ्या टेबलावर ओळीने मांडल्या, तेव्हा माझी मान खाली गेली. तूही चिठ्ठ्या जपून ठेव. त्या मित्राविरुद्धही लागतील, कारण जामीनदाराने भरलेले पैसे मूळ कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क करार कायद्यानेच दिलाय.

बाहेरच्या बाहेर तडजोड करून रोख देऊ नकोस. दिलीसच तर कोर्टात नोंद करून घे. नोंद नसलेला भरणा दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीच्या कामात, धरत नाहीत.

आणि समन्स मिळालंच नव्हतं म्हणतोस ना? मग हे सगळ्यात घाईचं. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायचा अर्ज, समन्स रीतसर बजावलं नसेल तर, हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवसांत करावा लागतो. तेव्हा अकाउंट्समधून त्या कागदाची झेरॉक्स घे. दरखास्त नंबर आणि ऑफिसच्या आवक शिक्क्याची तारीख नीट दिसू दे. उद्या संध्याकाळी ती घेऊनच ये, वकिलांना सातची वेळ दिलीय.

तुझा,
काका